एक ठिपका, एक गुंठा

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाने टिपलेल्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद भरतो, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला एक गुंठा १०१ चौरस मीटरांहून किंचित मोठा. ठिपका म्हणजे गुंठा, हे समीकरण मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितले नव्हते. पुरंदर तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका जिरायती गावात, मारुतीच्या पारावर लॅपटॉप उघडून बसले असताना ते जुळले, आणि त्यानंतर वरून येणारे चित्र समजावून सांगण्यासाठी मला दुसऱ्या कशाचीही गरज पडली नाही. पारावर बसलेल्या एका आबांनी लगेच हिशेब केला, "म्हणजे माझ्या साडेतीन एकरांत तुमचे एकशेचाळीस ठिपके बसले." मी हो म्हटले. मग त्यांनी विचारले, "त्यातल्या कुठल्या ठिपक्यात बाजरी हाय आन् कुठल्यात नुसतं गवत, हे वरनं कसं कळतं, ताई?"

गेली काही वर्षे मी पुण्यात बसून उपग्रहाच्या माहितीवर आधारलेल्या दुष्काळ विम्याच्या आराखड्यांवर काम करते आहे. आबांच्या त्या एका प्रश्नात या कामातली निम्मी अडचण सामावलेली आहे, आणि तिच्याविषयी आमच्या क्षेत्रात जितके मोकळेपणाने बोलले जायला हवे तितके बोलले जात नाही, असे माझे मत आहे.

आधी या विम्याचे स्वरूप सांगते. नेहमीच्या पीक विम्यात नुकसान मोजावे लागते. आपल्याकडे खरिपात पीक कापणी प्रयोग होतात, ठरवलेल्या आकाराच्या तुकड्यातले पीक कापून, मळून, वजन करून महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न काढले जाते आणि ते मागच्या वर्षांवरून ठरवलेल्या उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेले तर भरपाई मिळते. निर्देशांकावर चालणाऱ्या विम्यात शेतात कोणी पाऊल टाकत नाही. पाऊस, पिकाची हिरवाई किंवा जमिनीतला ओलावा यांचा एक आकडा आधीच ठरवलेला असतो. तो आकडा खाली घसरला की त्या भागातल्या प्रत्येक विमाधारकाला ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे रक्कम जाते, मग कोणाच्या शेतात प्रत्यक्षात काय झाले हे विचारले जात नाही. यात पंचनामा लागत नाही, वाद कमी होतात, पैसे लवकर पोहोचू शकतात. ज्या गावात प्रत्येकाचे सव्वा-दीड हेक्टर आहे, तिथे एकेक शेत तपासत बसण्याचा खर्चच हप्त्याहून अधिक होईल, हे खरे आहे.

ही कल्पना उपग्रहांच्या फार आधीची आहे. म्हैसूर संस्थानातले जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० मध्येच पावसाच्या आकड्यावर चालणारा शेती विमा सुचवला होता. पुढे पुण्यातच, गोखले अर्थशास्त्र संस्थेत, अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी सत्तरच्या दशकात आग्रहाने मांडले की भारतात एकेका शेतकऱ्याच्या नुकसानीवर विमा चालणार नाही, सारख्या परिस्थितीच्या एका संपूर्ण क्षेत्राला एकक धरले पाहिजे. १९८५ च्या सर्वंकष पीक विमा योजनेचा पाया हाच होता आणि आजच्या योजनेचाही आहे. ती संस्था ज्यावर आहे त्या बीएमसीसी रस्त्याने मी अनेकदा जाते, तेव्हा वाटते की आपण नवे म्हणून जे करतो आहोत त्याचा मुख्य प्रश्न या रस्त्यावर पन्नास वर्षांपूर्वीच विचारला गेला आहे: क्षेत्र "सारखे" आहे हे ठरवायचे कशावरून?

पुणे जिल्ह्यात तरी हा प्रश्न पुस्तकी नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या शिवाजीनगरात सातशेच्या आसपास, आणि आणखी पूर्वेला दौंड-इंदापूरकडे पाचशेच्या आतबाहेर. सह्याद्रीच्या सावलीत पाऊस असा पायऱ्या उतरल्यासारखा कमी होत जातो. हवामान विभागाच्या पावसाच्या माहितीतला एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोमीटर बाजूचा आहे. अशा एका चौकोनात घाटाची कड आणि माळरान दोन्ही येऊ शकतात, आणि दोघांना एकच सरासरी आकडा मिळतो.

उपग्रहाकडे वळावेसे वाटते ते इथेच. पण उपग्रह दुष्काळ पाहत नाही, हे आम्ही स्वतःला वारंवार बजावले पाहिजे. काही उपग्रह ढगाच्या माथ्याची उष्णता पाहतात आणि ढग जितका थंड तितका तो उंच, म्हणून पाऊस जास्त, असा अंदाज बांधतात. सह्याद्रीवर मात्र पुष्कळ पाऊस बुटक्या, कोमट ढगांतून पडतो, त्यामुळे घाटमाथ्यावरचा पाऊस या पद्धतीत कमी मोजला जातो. काही उपग्रह पानांवरून परतणारा लाल आणि अवरक्त प्रकाश मोजतात. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेते आणि अवरक्त प्रकाश परत फेकते, म्हणून या दोहोंच्या फरकातून हिरवाईचा निर्देशांक काढता येतो. काही सूक्ष्मलहरींवरून मातीच्या वरच्या काही सेंटीमीटरांतला ओलावा सांगतात, पण बाजरीची मुळे त्याहून बरीच खोल गेलेली असतात. या साऱ्यांतून "दुष्काळ" नावाची गोष्ट आपण जुळवतो.

जुळवताना पहिला पेच येतो तो काळाचा. गुंठ्याएवढा ठिपका देणारा सेंटिनेल-२ अवकाशात गेला २०१५ मध्ये, म्हणजे त्याच्याकडे जेमतेम दहा वर्षांची आठवण आहे. सात-आठ वर्षांतून एकदा येणाऱ्या संकटाचा विमा दहा वर्षांच्या आठवणीवर कसा बेतणार? एवढ्या काळात ते संकट एकदा आले असेल, दोनदा आले असेल किंवा आलेच नसेल. मॉडिस या अमेरिकी उपकरणाची माहिती २००० पासूनची आहे, पण त्याचा ठिपका अडीचशे मीटरचा, म्हणजे साडेपंधरा एकरांचा. त्यात चार-पाच जणांची शेते, एक ओढा आणि बांधावरची बाभळ हे सगळे एकत्र कालवलेले असते. चर्प्स या पर्जन्यसंचात १९८१ पासूनचा पाऊस मिळतो, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षांचा, आणि विमा कंपन्यांना तो म्हणूनच प्रिय आहे. पण त्याचा चौकोन साडेपाच किलोमीटर बाजूचा, सुमारे तीस चौरस किलोमीटरांचा असतो, आणि त्यात अख्खी दोन-तीन गावे मावतात. बारीक पाहणाऱ्याची आठवण आखूड आणि लांब आठवण असणाऱ्याची नजर जाडी. सध्या तरी या दोघांना एकत्र बांधण्याखेरीज इलाज नाही. आणि ज्या दुष्काळाचे नाव आमच्या आजी-आजोबांच्या तोंडी कायम असे, तो ७२ चा, यांपैकी कोणाच्याच आठवणीत नाही. जमिनीची चित्रे टिपणाऱ्या अमेरिकी लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह त्याच वर्षी जुलैत अवकाशात गेला होता, ही गोष्ट मला दरवेळी चटका लावून जाते.

आता मी आमच्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्याचा मला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका संस्थेसाठी बाजरीचा एक प्रायोगिक विमा आखला. त्याचा निर्देशांक हिरवाईवर होता. ऑगस्टअखेरच्या पंधरवड्याची हिरवाई त्या जागेच्या मागच्या वर्षांच्या तुलनेत किती, यावरून भरपाई ठरणार होती. कागदावर हे सारे नेटके दिसत होते. त्या खरिपात सुरुवातीला बरा पाऊस झाला, पेरण्या झाल्या, बाजरी गुडघ्याला लागली, आणि मग पावसाने उघडीप दिली ती चांगली चार आठवडे. बाजरी पोटरीत आली होती, म्हणजे कणसे बाहेर पडायच्या बेतात होती. जी कणसे निसवली ती आखूड निघाली आणि त्यांत दाणा भरलाच नाही. आमच्या आकड्याने मात्र भरपाई दाखवली नाही. सप्टेंबरात गावात गेले तेव्हा त्याचे कारण डोळ्यांसमोर उभे होते. आधीच्या पावसावर बांधांना गवत माजले होते, खुरपणी परवडेना म्हणून शेतांतही तण उभे होते, ओढ्याकाठची वेडी बाभूळ तर कोणत्याही दुष्काळात हिरवीच असते, आणि विहिरीला थोडेफार पाणी असलेल्या दोघांचा ऊस त्याच साडेपंधरा एकरांच्या ठिपक्यांत पडला होता. उपग्रहाने हिरवे पाहिले ते खोटे नव्हते. हिरवे तिथे होतेच. एका बाईने त्या दिवशी कणीस मोडून माझ्या तळहातावर चोळले. भुसा उडून गेला आणि हातावर सहा-सात दाणे उरले, तेही सुरकुतलेले. त्या म्हणाल्या, "हे तुमच्या फोटोत दिसत न्हाई का?"

दिसत नव्हते. त्यांनी हप्ता भरला होता, पीक गेले होते आणि भरपाई शून्य होती. विमा नसता तर त्या निदान हप्त्याइतक्या बऱ्या राहिल्या असत्या. निर्देशांक आणि प्रत्यक्ष नुकसान यांतल्या या तफावतीला आमच्या भाषेत बेसिस रिस्क म्हणतात आणि अहवालांत तिला एक परिच्छेद मिळतो. माझ्या मते आराखड्याचे पहिले पान तिचे असायला हवे. चांगल्या वर्षी चुकून भरपाई मिळणे आणि वाईट वर्षी न मिळणे या दोन चुका तक्त्यात शेजारीशेजारी लिहिल्या जातात, पण त्या समान नाहीत. दुसरी चूक ज्याच्या वाट्याला येते त्याला त्या वर्षी दावणीचे जनावर विकावे लागते.

त्यानंतर आम्ही कामाची दिशा उलटी केली. आधी आकडे आणि मग गाव, असे न करता आधी गावाची आठवण घ्यायची आणि मग तिच्याशी जुळणारा आकडा शोधायचा. ही पद्धत आमची नाही. इथिओपियात २००९ च्या सुमारास सुरू झालेल्या प्रकल्पात शेतकऱ्यांनीच वाईट वर्षे सांगितली आणि त्यांच्याशी उपग्रहाच्या पावसाचे आकडे ताडून पाहिले गेले. केनियाच्या मार्साबिट भागात २०१० पासून गुरांसाठी हिरवाईवर विमा दिला जातो. तिथे तो बराच शोभतो, कारण गुरांना जे हवे तेच, म्हणजे चारा, उपग्रह पाहतो. आमच्याकडे बाजरीचा दाणा हवा आणि उपग्रह पाहतो ते पान.

गावात आम्ही जमिनीवर खडूने वर्षांचे रकाने आखले आणि प्रत्येकाला मूठभर बाजरी दिली. जितके वर्ष वाईट तितके दाणे जास्त. पुरुषांनी भराभर २०१२, २०१५ आणि २०१८ वर दाणे ओतले. बायकांनी वेळ घेतला. त्या वर्षांना आकड्याने ओळखतच नव्हत्या, "थोरलीचं लगीन झालं त्या साली", "जनावरं छावणीला नेली त्या साली", "टँकर दिवाळीलाच आला त्या साली" असे सांगत होत्या, आणि आम्हाला त्या खुणांवरून वर्ष शोधावे लागत होते. पण त्यांच्या रकान्यांत अशी दोन वर्षे भरली जी पुरुषांच्या यादीत नव्हती. विचारले तेव्हा कळले की त्या वर्षी धान्य थोडेफार झाले होते, पण सरमाड, म्हणजे कणसे खुडल्यावर वैरणीला उरणारी बाजरीची ताटे, आखूड राहिले आणि चारा डिसेंबरातच संपला. वैरण विकत घ्यावी लागली ती बायकांच्या बचत गटातल्या पैशांतून. मी तोवर सरमाड हा शब्द आमच्या एकाही कागदावर वाचला नव्हता.

मग खिडकीचा प्रश्न आला. खिडकी म्हणजे हंगामातला तो काळ, ज्यातल्या पावसाचा हिशेब होतो. आमच्या कागदांवर या खिडक्या इंग्रजी महिन्यांच्या तारखांनी ठरत असत. गावात तारखा कोणी बोलत नाही. आर्द्रात पेरले की पुनर्वसूत, पुष्यात कोळपणी झाली का, आश्लेषांची सर आली का, असे बोलणे चालते. नक्षत्रे साधारण तेरा-चौदा दिवसांची असल्याने विम्याच्या खिडकीला ती मोठी सोयीची आहेत. बाजरी आर्द्रात पेरली तर फुलोरा आश्लेषात येतो, पुनर्वसूच्या शेवटी पेरली तर मघांच्या अखेरीला किंवा पूर्वात जातो. "पडतील मघा, नाहीतर वर बघा" असे लोक म्हणतात ते याच काळाविषयी. म्हणजे पेरणी दोन आठवडे सरकली की नाजूक काळही तेवढाच सरकतो, आणि आमची खिडकी मात्र ऑगस्टच्या त्याच तारखांना चिकटून बसलेली होती. आता पेरणीचा काळ आम्ही सेंटिनेल-१ या रडार उपग्रहावरून ताडून पाहतो, कारण रडारला ढग आड येत नाहीत, उलट प्रकाशावर चालणारा सेंटिनेल-२ जुलै-ऑगस्टात कित्येक आठवडे निव्वळ ढगच दाखवतो. मात्र रडारवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. सेंटिनेल-१ च्या जोडीतला एक उपग्रह डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला आणि चित्रे मिळण्याचे प्रमाण घटले. त्यामुळे एखाद्या उपग्रहाची माहिती आली नाही तर कोणती वापरायची, हे करारातच लिहून ठेवावे लागते.

पावसाचा खंड मोजण्याचीही एक गोष्ट आहे. २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला की हवामानशास्त्रात तो पावसाचा दिवस धरला जातो. आता वीस दिवस कोरडे गेले आणि एकविसाव्या दिवशी तीन मिलिमीटरची भुरभुर झाली, तर कागदावर खंड मोडला. पण ऑगस्टात लख्ख ऊन पडले की जमिनीतून आणि पानांतून मिळून दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी सहज उडते. त्या भुरभुरीने बाजरीचे काय भले झाले? २०२३ चा ऑगस्ट, जो देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला, त्यात आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागात लोक अशाच एखाद्या शिडकाव्याकडे धास्तीने पाहत होते, हे मी ऐकले आहे. म्हणून आम्ही दिवस मोजणे सोडले आणि पाण्याचा ताळेबंद मांडायला घेतला: पिकाची त्या दहा दिवसांची गरज किती, पाऊस किती, जमिनीत साठा किती, आणि गरज शेकडा किती भागली. यात जमिनीची खोली लागते. वीतभर मुरमाड जमीन आणि हातभर काळी जमीन एकाच पावसात अगदी वेगळे दिवस काढतात, आणि ही खोली कोणताही उपग्रह सांगत नाही. ती आबा सांगतात, गट नंबरनिशी.

हप्त्याचे गणित मात्र भावनेने सुटत नाही, ते उघड करून सांगावे लागते. वीस हजार रुपयांचे संरक्षण हवे आणि चाळीस वर्षांत आठ वेळा पूर्ण भरपाई द्यायची म्हटली, तर नुसती जोखीमच वर्षाला चार हजार रुपयांची होते, व्यवस्थापनाचा खर्च आणखी वेगळा. चारच वेळा द्यायची तर दोन हजार. पारावर हे आम्ही असेच मांडले. बहुतेकांना आधी वारंवार मिळणारी भरपाई हवी होती. हिशेब पाहिल्यावर दोन बायका म्हणाल्या की एवढ्यातेवढ्या तुटीला बचत गट आहे, विमा छावणीच्या सालासाठी ठेवा. मला हे म्हणणे पटते. पण ते मी सुचवण्यात आणि त्यांनी ठरवण्यात फरक आहे, आणि हा हिशेब न दाखवता हप्ता कमी दिसावा म्हणून भरपाईच अशक्यप्राय करून ठेवलेले आराखडे मी पाहिले आहेत. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत शेतकऱ्याला खरिपातल्या बाजरीसारख्या अन्नधान्य पिकांसाठी विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत भरावे लागतात आणि बाकीचे सरकार भरते. अशा आधाराशिवाय जिरायती शेतकरी दुष्काळाचा खरा हप्ता भरू शकेल, असे मला वाटत नाही, मग उपग्रह कितीही चांगला असो.

नव्या आराखड्यात आम्ही आणखी एक कलम घातले आहे. निर्देशांकाने भरपाई नाकारली आणि तरीही ठरावीक संख्येच्या विमाधारकांनी पीक गेल्याचे कळवले, तर गावात मोजक्या शेतांवर पीक कापणी होईल आणि तिचा निकाल वरचढ मानला जाईल. यामुळे खर्च वाढतो आणि निर्देशांकाचा मुख्य फायदा काहीसा कमी होतो, असा आक्षेप आमच्याच गटातून आला. तो आक्षेप खरा आहे. तरी त्या कलमावर मी अडून राहिले, कारण तळहातावरचे ते सहा-सात दाणे मोजायला कुठेतरी जागा हवी होती.

चाचणीत या निर्देशांकाने गावाने सांगितलेल्या वाईट वर्षांपैकी बहुतेक ओळखली आहेत. बायकांच्या यादीतल्या चाऱ्याच्या दोन वर्षांपैकी एक अजून त्यात सापडत नाही. पाऊस पुरेसा दिसतो, हिरवाई बरी दिसते, ताळेबंदही ठीक आहे. सरमाड आखूड का राहिले असेल याविषयी आमच्याकडे दोन-तीन तर्क आहेत, पेरणी उशिरा झाली की वाण बदलले होते की त्या साली उगवण विरळ होती. मृग लागण्याच्या आधी मी पुन्हा गावात जाणार आहे. ज्या मावशींनी ते वर्ष सांगितले त्यांनी निरोप पाठवला आहे की त्यांच्या जाऊबाईंना त्या सालचे जास्त आठवते, आणि त्या सध्या माहेरी आहेत, तर पौर्णिमेनंतर या.